हौशी रेसिंगमधली बरोबरी: आधी मधल्या फळीला जोड मिळवून द्या

नमस्कार. तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. जे समजलं ते आधी सांगतो, म्हणजे चुकत असलो तर तुम्ही सांगाल. तुमच्या क्लबात पंचवीसेक जण ऑटोक्रॉस (मोकळ्या जागेत प्लास्टिकचे शंकू, म्हणजे कोन, मांडून आखलेल्या मार्गावर वेळेविरुद्ध पळणं) आणि छोट्या सर्किटवरच्या शर्यती करतात. दोन वर्षं तेच दोघे जिंकताहेत. ते दर स्पर्धेला नवे मऊ टायर चढवून येतात आणि त्यातल्या एकाने इंजिन बाहेरून बांधून आणलंय. या मोसमात जुने पाच जण फिरकलेच नाहीत. क्लबात तीन मतं पडली आहेत: नियम कडक करा, क्लास वाढवा, नाहीतर जिंकणाऱ्याच्या गाडीवर वजन लादा. यातलं काय करावं, हा तुमचा प्रश्न.

मी 22 वर्षं हौशी शर्यतींत गाडी चालवतोय आणि त्यातली 14 वर्षं स्क्रूटिनीही, म्हणजे गाड्या नियमांत बसतात का याची तपासणीही, करतोय. ही तिन्ही औषधं मी वापरून पाहिली आहेत. तिन्ही कधी ना कधी लागू पडतात, पण आजार वेगळा असताना दिली तर रोगी आणखी अशक्त होतो. म्हणून आधी आजार बघू.

जे पाच जण गेले ते पहिल्या नंबरासाठी यायचे का? माझा अंदाज, नाही. कुठल्याही खेळात वर तीच दोन-तीन नावं दिसतात आणि त्यामुळे कुणी खेळ सोडत नाही. माणूस सोडतो तो त्याची स्वतःची लढत संपते तेव्हा. कुस्तीत जोड बघून लावतात, कारण एकतर्फी कुस्तीत जिंकणाऱ्यालाही मजा येत नाही आणि हरणाऱ्यालाही. नवव्या नंबरावर येणाऱ्याला आठवा आणि दहावा त्याच्या टप्प्यात असले, तर तो घरी जाताना पुढच्या खेपेला कुठे अर्धा सेकंद काढायचा याचा विचार करत जातो. आठवा चार सेकंद पुढे आणि दहावा तीन सेकंद मागे असेल, तर तो एकटाच गाडी चालवून आलेला असतो. त्यासाठी सुट्टीचा दिवस आणि प्रवेश फी घालवावीशी वाटत नाही. तेव्हा पहिल्या दोघांना मागे कसं ओढायचं हा विचार तूर्त बाजूला ठेवा. उरलेल्या तेवीस जणांना तोडीस तोड जोड कशी मिळेल, हे आधी ठरवा. पहिल्या दोघांचा प्रश्न त्यातून बराचसा सुटतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हेही मोकळेपणाने सांगायला हवं. गाड्या रोजच्या वापरातल्या आहेत की ट्रेलरवरून आणलेल्या? गाडी एकटी वेळेविरुद्ध पळते की चाकाला चाक लावून शर्यत होते? ट्रॅक तोच असतो की दर वेळी कोन मांडून नवा आखता? पंचवीसच्या जागी साठ जण असते तर माझं उत्तर निराळं असतं. खालचं सगळं पंचवीस-तीस जणांच्या, स्वयंसेवकांवर चालणाऱ्या क्लबासाठी आहे असं धरून वाचा.

आता पैशाबद्दल. अमुक रकमेच्या वर खर्च करायचा नाही, असा नियम लिहिता येतो, पण पावत्या तपासणार कोण? मेव्हण्याने फुकट बांधून दिलेलं इंजिन किती रुपयांचं धरायचं? अमेरिकेत 2006 साली सुरू झालेल्या 'ट्वेंटी फोर अवर्स ऑफ लेमन्स' या भंगार गाड्यांच्या एन्ड्युरन्स (लांब वेळ चालणाऱ्या) शर्यतीत 500 डॉलरची मर्यादा ठेवली गेली, आणि ती चाललीही. पण तिथे पंच गाडी बघून अंदाजाने ठरवतात आणि जास्त खर्चलेला वाटला तर आधीच दंडाच्या लॅप (लॅप म्हणजे ट्रॅकची एक फेरी) लावतात. तो सगळा सोहळाच मौजेसाठी आहे, म्हणून हा हडेलहप्पीपणा लोकांना चालतो. गुणतक्ता आणि करंडक असलेल्या स्पर्धेत तो चालत नाही.

माझ्या अनुभवात एक गोष्ट पक्की आहे. पैसा पाण्यासारखा असतो, नियमांत जिथे उतार सापडेल तिकडे वाहतो. इंजिन बांधून टाकलंत तर तो सस्पेन्शनकडे जातो. सस्पेन्शन गोठवलंत तर टायरकडे, टायर मोजून दिलेत तर सरावाच्या दिवसांकडे आणि डेटा लॉगरकडे (गाडीचा वेग वगैरे नोंदवणाऱ्या यंत्राकडे). खर्च थांबवणं क्लबाच्या हातात नाही. खर्चाचा मोबदला कमी करणं मात्र आहे. दुप्पट पैसे ओतून लॅपमागे एक सेकंद मिळत असेल तर लोक ओततील. सेकंदाचा दहावा भागच मिळत असेल तर बहुतेक जण ते पैसे आणखी चार स्पर्धांच्या फीसाठी ठेवतील. प्रत्येक नियम लिहिताना स्वतःला हेच विचारा: हा नियम आल्यावर पैसा कुठे जाईल आणि तिथे त्याला काय मिळेल?

फॉर्म्युला फोर्डची गोष्ट इथे आठवते. 1967 मध्ये इंग्लंडमध्ये ब्रँड्स हॅचला हा वर्ग सुरू झाला तेव्हा फोर्डचं साध्या गाडीतलं इंजिन, गाडीला जमिनीकडे दाबणारे पंख नाहीत, आणि तयार गाडी 1,000 पौंडांत मिळावी अशी कल्पना होती. वर्ग प्रचंड चालला, कित्येक मोठे चालक त्यातून घडले. किमतीची ती मर्यादा मात्र टिकली नाही, कारण चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, नियमांत मोकळी होती. इंजिन सगळ्यांचं जवळपास सारखं म्हटल्यावर दर वर्षी नवी चॅसी घेणं हाच पुढे जाण्याचा रस्ता उरला. मोकळी जागा कुठे ठेवली यावर त्या वर्गाचा पुढचा हिशेब ठरला.

तुमच्या क्लबातला सर्वात मोठा उतार बहुधा टायर आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो.

नवा मऊ टायर पहिल्या काही लॅप सर्वात चांगला चिकटतो. दर वेळी तो तापून थंड झाला की रबर थोडं कडक होत जातं. नक्षी दिसायला शिल्लक असते, पण पकड गेलेली असते. म्हणून ज्याला परवडतं तो दर स्पर्धेला नवा सेट घालतो आणि ज्याला परवडत नाही तो चार स्पर्धा जुन्या रबरावर काढतो. मी स्वतः एकाच दिवशी, एकाच गाडीने, जुना सेट काढून नवा चढवला तेव्हा मिनिटभराच्या लॅपमध्ये सेकंदाहून जास्त फरक बघितलाय. एवढा फरक मला इंजिनवर केलेल्या कुठल्याच कामाने दिला नाही. दोन्ही सेटवर मी तेवढाच चांगला-वाईट चालक होतो. पण निकालाच्या कागदावर ते दिसत नाही.

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे टायरच्या कडेवर लिहिलेल्या ट्रेडवेअरच्या आकड्याची (मोठा आकडा म्हणजे सावकाश झिजणारा टायर) अट: 200 किंवा वर, असं काहीतरी. सुरुवात म्हणून ठीक आहे, पण त्यावर विसंबू नका. तो आकडा टायर कंपनी स्वतःच्याच चाचण्यांवरून ठरवते, आणि तो झिजण्याबद्दल असतो, पकडीबद्दल नाही. अमेरिकेतल्या ऑटोक्रॉसमध्ये 200 ची अट रूढ झाल्यावर कंपन्यांनी नेमके 200 लिहिलेले आणि जबरदस्त चिकटणारे टायर बाजारात आणले. नियम पाळला गेला आणि खर्च होता तिथेच राहिला.

जास्त उपयोग होतो तो दोन गोष्टींचा. पहिली, सगळ्यांना एकच टायर, आणि तोही मुद्दाम कडक. कडक टायर सावकाश झिजतो आणि तापण्या-थंड होण्याने कमी बिघडतो, त्यामुळे नव्या-जुन्यातला फरक आपोआप आटतो. शिवाय शर्यतही चांगली होते. पकड कमी असली की ब्रेकिंगचं अंतर वाढतं, गाडी थोडी सरकते, चुका दिसतात आणि ओव्हरटेक करायला जागा मिळते. टायर कडक केल्यावर लॅपच्या वेळा वाढतात म्हणून काही जण कुरकुरतात. त्यांना सांगा की वेळ सगळ्यांचीच वाढते.

दुसरी गोष्ट, मोजणी. सहा स्पर्धांच्या मोसमाला सहा टायर द्या: चार सुरुवातीला आणि दोन नंतर कधीही. स्क्रूटिनीला टायरवर पुसता न येणारी खूण आणि क्रमांक टाका, वहीत लिहा. पंक्चर झालं तर बदली टायर वापरलेलाच हवा आणि स्क्रूटिनिअरला दाखवून. यासाठी लागते फक्त एक वही, रंगाची डबी आणि सकाळी अर्धा तास देणारा एक माणूस. हे नवं टायर-बजेट त्या दोघांच्या आजच्या खर्चाच्या कितीतरी खाली आणि बाकीच्यांच्या खर्चाच्या जवळपास येईल.

एक सावधगिरीही सांगतो. एकच टायर ठरवला की काही जण त्याला रसायन चोपडून मऊ करतात. हे कार्टिंगमध्ये (छोट्या, उघड्या कार्ट गाड्यांच्या शर्यतींत) फार चालतं. ही द्रव्यं फुप्फुसांना आणि कातडीला घातक असतात, म्हणून मी इथे अजिबात सूट देत नाही. रबराचा कडकपणा मोजणारं ड्युरोमीटर छोटं आणि स्वस्त असतं. फक्त मोजताना सगळे टायर सारख्याच तापमानाला असले पाहिजेत, कारण उन्हात ठेवलेला टायर निर्दोष असूनही मऊ दाखवतो. शंका आली तर दोन स्पर्धकांचे टायर आपापसात बदलायला लावा. ज्याच्या मनात काही नाही तो लगेच जॅक काढतो.

इंजिनाबद्दल थोडक्यात. कार्टिंगमध्ये सील केलेल्या, म्हणजे आत फेरफार होऊ नयेत म्हणून बंद केलेल्या, इंजिनांची पद्धत चांगली रुळली आहे. रोटॅक्स मॅक्सच्या स्पर्धा 2000 सालापासून त्यावरच चालतात आणि ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं 206 हे चार-स्ट्रोक इंजिनही कारखान्यातून सील लागूनच येतं. पण सील लावलं म्हणजे दोन इंजिनं सारखी झाली असं नाही. कारखान्यात थोडाफार फरक राहतोच. आमच्या एका कार्ट वर्गात एकाने तीन सीलबंद इंजिनं विकत घेतली, डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) तपासली, उत्तम ठेवलं आणि बाकीची विकली. नियम एकही मोडला नव्हता. आम्ही नवा निर्बंध घातला नाही. फायनलच्या आधी पहिल्या सहा जणांमध्ये चिठ्ठ्या टाकून इंजिनं बदलायची, एवढंच ठरवलं. पहिल्या खेपेला वातावरण तापलं होतं, मी नाही म्हणणार नाही. पण पुढच्या मोसमात जास्तीचं इंजिन कुणी घेतलं नाही, कारण ते कुणाच्या कार्टवर बसेल याचा भरवसाच उरला नव्हता. अमेरिकेतल्या मातीच्या ओव्हल ट्रॅकवर याचा थोरला भाऊ आहे: ठरलेल्या रकमेला हरलेला स्पर्धक जिंकणाऱ्याचं इंजिन विकत मागू शकतो. ओळखीपाळखीच्या छोट्या क्लबात मात्र ते जमत नाही, मित्राचं इंजिन कोण मागणार? चिठ्ठी कुणाची मित्र नसते.

गाड्यांत चिठ्ठ्यांनी इंजिन बदलता येत नाही, हे उघड आहे. तिथे मी एवढंच म्हणेन की तुमच्या त्या एका बांधून आणलेल्या इंजिनाच्या मागे लागू नका. टायर आणि गट हे दोन बदल करून एक मोसम थांबा. मग ते इंजिन किती महत्त्वाचं आहे ते कळेल, आणि बहुतेक वेळा ते आपल्याला वाटतं त्याहून कमी असतं.

चालकाच्या वजनाचा मुद्दा बहुतेक क्लब विसरतात. कार्ट आणि चालक मिळून 160 किलो धरले, तर 60 आणि 95 किलोच्या दोन चालकांतला 35 किलोंचा फरक एकूण वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त भरतो. हजार किलोंच्या गाडीत तोच फरक साडेतीन टक्के. म्हणून कार्टमध्ये चालकासकट किमान वजन ठेवून हलक्या माणसाला बॅलास्ट, म्हणजे जादा वजन, लावणं अत्यावश्यक आहे, गाड्यांत ते असलं तर बरं. वजन शर्यत संपल्या संपल्या करा, चालक हेल्मेटसकट बसलेला असताना.

आता तुमच्या तीन मतांपैकी दुसरं, क्लास वाढवणं. हे ऐकायला गोड आणि परिणामाने सर्वात वाईट. इंजिनाचा आकार, पुढची चाकं की मागची, टर्बो की बिनटर्बो, असं करत पंचवीस जणांचे अकरा क्लास होतात. प्रत्येकाला करंडक मिळतो आणि जोड कुणालाच मिळत नाही. आमच्याकडे एक वर्ष अशी वेळ आली की एका क्लासचा विजेता मोसमभर एकटाच होता. वर्षाअखेरीच्या बक्षीस समारंभाला तो आला नाही, आणि मला त्याचं अजिबात नवल वाटलं नाही. पाचाहून कमी गाड्या असतील तर तो क्लास वरच्या क्लासात मिसळायचा, हा नियम लिहूनच ठेवा.

तिसरं मत, जिंकणाऱ्यावर वजन. ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेने हे कित्येक वर्षं चालवलं आणि 2022 ते 2024 या मोसमांत वजनाऐवजी हायब्रिड ताकदीचा (विजेच्या मोटरच्या जोराचा) वापर कमी देण्याची पद्धत ठेवली. तिथे प्रेक्षक असतात, दूरचित्रवाणी असते, शेवटच्या शर्यतीपर्यंत चुरस ताणून धरायची असते. हौशी माणसाने रात्री जागून गाडी नीट केली, चालवणं सुधारलं, आणि बक्षीस म्हणून त्याला शिशाचे गोळे दिले, हे मला पटत नाही. त्यातून मुद्दाम दुसरं येण्याची सवयही लागते. शिवाय जास्त वजन म्हणजे ब्रेक आणि टायर जास्त झिजतात. म्हणजे खर्च कमी करायला निघालो आणि वाढवून बसलो. वेगवेगळ्या गाड्यांना वजन आणि ताकद मोजून समान करण्याची जी पद्धत जीटी थ्री या स्पोर्ट्स गाड्यांच्या वर्गात 2006 पासून आहे, ती क्लबाने करायच्या भानगडीत पडू नये. त्यासाठी चाचण्या आणि अभियंते लागतात, आणि ते असूनही दर शर्यतीनंतर तक्रारी होतात.

मग जोड लावायची कशी? मला याचं सर्वात सुंदर उत्तर ड्रॅग रेसिंगमधल्या (सरळ पट्ट्यावर दोन गाड्यांच्या शर्यतीतल्या) ब्रॅकेट पद्धतीत सापडलं. तिथे प्रत्येक चालक आपली गाडी किती सेकंदांत अंतर कापेल ते आधीच जाहीर करतो. एकाने 12.50 सांगितले आणि दुसऱ्याने 15.00, तर दुसऱ्याला हिरवा दिवा अडीच सेकंद आधी मिळतो. दोघं सांगितल्याप्रमाणे पळाले तर शेवटच्या रेषेवर एकत्र पोचतात. आणि जाहीर केलेल्या वेळेपेक्षा जोरात गेलात तर हरलात, म्हणजे कमी वेग सांगून फसवायची सोय नाही. निकाल ठरतो दिव्याला दिलेल्या प्रतिसादावर आणि गाडी दर वेळी सारखी पळवण्यावर. जास्त ताकदीचं इंजिन इथे काहीच विकत घेऊ शकत नाही. आजोबांच्या काळातली गाडी घेऊन आलेला माणूस नव्या कोऱ्या गाडीला हरवून जातो, आणि कुणाला ते अन्यायाचं वाटत नाही.

तुमच्या सर्किटवर आणि ऑटोक्रॉसमध्ये याचं रूप असं करा. गाडी बघून क्लास पाडण्याऐवजी वेळ बघून गट पाडा. ऑटोक्रॉसचा मार्ग दर वेळी बदलतो, त्यामुळे सेकंद नाही, टक्के धरा. त्या दिवशीच्या पहिल्या पाच जणांच्या उत्तम वेळांची सरासरी म्हणजे 100. पाचांची सरासरी अशासाठी, की एखाद्या दिवशी तुमचा सर्वात वेगवान माणूस आला नाही तर सगळं गणित हलू नये. समजा सरासरी 50 सेकंद आली. 53 सेकंदांपर्यंतचे, म्हणजे 106 टक्क्यांपर्यंतचे, पहिल्या गटात. 53 ते 56, म्हणजे 112 टक्क्यांपर्यंतचे, दुसऱ्या गटात. त्यापुढचे तिसऱ्या. मागच्या तीन स्पर्धांतली ज्याची त्याची सर्वोत्तम टक्केवारी धरून पुढच्या स्पर्धेचा गट ठरवा. सरासरी टक्केवारी धरू नका, नाहीतर कुणीतरी दोन स्पर्धा रमतगमत चालवून खालच्या गटात जाऊन बसेल.

दुसऱ्या गटातला कुणी 106 च्या आत आला तर त्या दिवशीचं त्याचं बक्षीस मी काढून घेत नाही. सुधारणेला शिक्षा कशाला? पुढच्या स्पर्धेला तो पहिल्या गटात जातो, एवढंच. सर्किटवर, जिथे ट्रॅक तोच आहे आणि हद्द आधीच माहीत आहे, तिथे मात्र हद्दीच्या आतली लॅप मोजायची नाही. आणि चाकाला चाक लावून शर्यत होत असेल तर या गटांचा आणखी मोठा फायदा आहे: सारख्या वेगाच्या गाड्या एकत्र असल्या की सरळ रस्त्याच्या टोकाला कुणी कुणाच्या मागून भलत्याच वेगाने येत नाही.

एकूण निकाल आणि एकूण विजेता पूर्वीसारखाच जाहीर करा. त्या दोघांचा पहिला-दुसरा नंबर त्यांच्याकडेच राहू दे, त्यांनी तो कमावलाय. फक्त त्याच धावांतून गटांचाही निकाल काढा, गटांचाही गुणतक्ता ठेवा आणि बक्षीस देताना गटांना तितकाच वेळ द्या. यात कुणालाही गाडीत एक नटसुद्धा बदलावा लागत नाही.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: टायर कडक आणि मोजून, कार्ट असतील तर चालकासकट वजन, क्लास कमी, गट वेळेवरून. हे चार झाले की नियमपुस्तकातली बाकीची पानं तुम्ही निम्मी करू शकता, आणि केली पाहिजेत.

कारण जो नियम पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारच्या गाड्या उभ्या करायच्या जागेत) पंधरा मिनिटांत तपासता येत नाही, तो फक्त प्रामाणिक माणसाला लागू होतो. 1995 मध्ये जागतिक रॅली स्पर्धेत टोयोटाच्या संघाने टर्बोच्या रिस्ट्रिक्टरची (इंजिनात जाणारी हवा मर्यादित ठेवणाऱ्या भागाची) अशी रचना केली होती की बसवल्यावर जास्तीची हवा आत जायची आणि तपासायला उघडला की तो पुन्हा नियमाप्रमाणे दिसायचा. पकडले गेले, त्या वर्षीचे गुण गेले, बारा महिन्यांची बंदी आली. जागतिक पातळीवरच्या तपासनिसांना ज्याने घाम फोडला ते तुमच्या-माझ्यासारखा शनिवारी स्क्रूटिनी करणारा माणूस सहज पकडेल, असं समजून नियम लिहू नयेत. वजनकाटा, टायरची खूण, ड्युरोमीटर, जमिनीपासूनची उंची मोजायचा ठोकळा. एवढ्यात बसेल तेच लिहा.

खोटेपणापेक्षा क्लबाला संशय जास्त पोखरतो. आमच्याकडे एक जण सलग सात स्पर्धा जिंकला तेव्हा त्याच्या पाठीमागे सगळे बोलायचे. शेवटी मी त्याला विचारलं आणि त्याच्या परवानगीने शर्यतीनंतर सगळ्यांसमोर गाडी तपासली. वजन, कॅमशाफ्टची लिफ्ट, कॉम्प्रेशन, एअर फिल्टरपासून इंजेक्टरपर्यंत. काही म्हणजे काही निघालं नाही. मग त्याने आपल्या गाडीतला व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. तिसऱ्या वळणाला इतर सगळे ब्रेक मारत होते तिथे तो फक्त पाय उचलत होता, कारण आधीच्या वळणातून तो वेगळ्या रेषेने बाहेर पडायचा. महिन्याभरात आणखी चौघे तसं करायला लागले आणि त्याची आघाडी निम्म्यावर आली. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे: शर्यत संपली की पहिल्या तिघांची बॉनेट वीस मिनिटं उघडी, कुणीही येऊन बघावं, विचारावं. लेखी हरकतीला अनामत घेतो. हरकत खरी निघाली तर अनामत परत. हे झाल्यापासून हरकती जवळजवळ थांबल्या.

खर्चाच्या यादीत लोक धडकेचा खर्च धरत नाहीत, आणि बऱ्याचदा तोच सर्वात मोठा असतो. एक वाकलेला सस्पेन्शन आर्म आणि चेपलेलं दार मोसमभराच्या टायरांचा हिशेब उधळून लावतं. जुन्या गाड्यांच्या शर्यतींत काही संस्था तेरा-तेराचा नियम पाळतात: चूक तुमची असताना धडक झाली तर त्या स्पर्धेतून बाद आणि पुढचे तेरा महिने नजरेखाली. त्या काळात पुन्हा तसंच घडलं तर तेरा महिने बंदी. ऐकायला कठोर वाटतो, पण तिथे लोक निर्धास्तपणे चाक भिडवून लढतात, कारण शेजारचा माणूस आत घुसणार नाही याची खात्री असते. चाकाला चाक लावून शर्यत असेल तर हा नियम मी टायरच्याही आधी आणेन.

काटकसरीतून हेल्मेट, बेल्ट, सीट आणि अग्निशामक हे चार शब्द कायमचे वगळा. बेल्टला मुदत असते, आणि आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी बदलायचंच. यात वाद नाही.

आणि मजा? ती माझ्या मते मुख्यतः गाडीत बसलेल्या मिनिटांवर ठरते. ऑटोक्रॉसला आठ तास घालवून चार धावा म्हणजे जेमतेम चार मिनिटं. गेलेल्या त्या पाच जणांना हे विचारून बघा, मला वाटतं टायरइतकीच ही तक्रार निघेल. वाढवायचं असेल तर निम्मे पळतात आणि निम्मे कोन उचलतात, अशी विभागणी करा. मार्ग कुठेही स्वतःला छेदत नसेल आणि दोन गाड्यांत पुरेसं अंतर राहत असेल तर पहिली गाडी अर्ध्यावर पोचताच दुसरी सोडा. दर तीस सेकंदाला एक, म्हणजे बारा गाड्यांची फेरी सहा मिनिटांत. पडलेल्या कोनांचा वेळ धरूनही आठ-दहा धावा निघतात. सर्किटवर वर्षातून एक तीन-चार तासांची एन्ड्युरन्स ठेवा, एका गाडीत तीन चालक. टायर, ब्रेक पॅड, फी सगळं तिघांत वाटलं जातं, तिथे जपून चालवणारा जिंकतो, आणि सोडून गेलेले लोक दुसऱ्याच्या गाडीत बसून परत येतात. आमचे तिघे तसेच परतले.

शेवटचा भाग वेळेचा. जे ठरवाल ते दोन मोसम बदलू नका आणि पुढच्या मोसमाचे नियम किमान चार महिने आधी जाहीर करा. नियम बदलणं हाच मोठा खर्च असतो. काल घेतलेला टायर आज बाद झाला की ज्याचे पैसे जपायला निघालो त्याचंच नुकसान होतं. टायरचा नियम आणताना लोकांकडे असलेले सेट एक अर्धा मोसम तरी चालू द्या.

बैठकीच्या आधी त्या दोघांना स्वतः भेटा. आपल्याविरुद्ध काही शिजतंय असं त्यांना बैठकीत कळलं तर ते जातील, आणि तुमच्या क्लबात सेटअप समजणारी माणसं बहुधा तीच आहेत. त्यांना गटांची कल्पना सांगा, एकूण विजेतेपद तसंच राहणार हे सांगा, आणि दर स्पर्धेला तिसऱ्या गटातल्या एकाच्या शेजारी बसून दोन धावा कराल का, असं विचारा. मी असं विचारलेल्यांपैकी नकार कुणीच दिला नाही.

मागच्या तीन स्पर्धांच्या वेळांचा तक्ता नावं काढून इथे टाकलात, तर 106 आणि 112 या हद्दी तुमच्याकडे बसतात की सरकवायला हव्यात, ते मी बघून सांगेन. गाड्या रोजच्या वापरातल्या आहेत की ट्रेलरवरच्या, तेही त्यात लिहा.